पीएच मीटर आधी मिलिव्होल्टवर टाका

इंदूरच्या एखाद्या कॉलेजात बीएस्सीची प्रॅक्टिकल्स नव्याने घ्यायला लागणार असाल तर माझं एकच सांगणं, पीएच मीटर पीएच मोडवर ठेवूच नका. तसं ठेवलं की पोरं ४.०० बघतात, वहीत उतरवतात आणि चहाला पळतात, आत काय घडतंय ते मीटर परस्पर गिळून बसतो. मिलिव्होल्टवर टाकलं की ४ च्या बफरला (म्हणजे ठरलेल्या पीएचच्या द्रावणाला) साधारण १७७, ७ ला शून्याच्या आसपास, ९.२ ला उणे १३० असं काहीतरी येतं, मग ग्राफ काढायला लावा, आणि स्लोप एका पीएचमागे ५९ मिलिव्होल्टच्या जवळपास आला की तेव्हा फळ्यावर नेर्न्स्ट समीकरण लिहा, म्हणजे व्होल्टेज आणि आयनांचं प्रमाण यांचं नातं. आधी लिहिलंत तर व्हायव्हापुरतं पाठ होतं, बस्स.

हा ५९ म्हणजे २५ डिग्रीचा आकडा. आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी सोल्युशन ४० ला गेलं तर थिअरीने ६२ यायला हवेत, आणि जानेवारीत सकाळच्या बॅचला १५ असेल तर ५७. म्हणून थर्मामीटर बीकरमध्ये पाहिजे, भिंतीवर नाही. आणि स्लोप ५० च्या खाली घसरला तर नेर्न्स्टला दोष देऊ नका, बहुतेक वेळा इलेक्ट्रोड म्हातारा झालेला असतो नाहीतर कोणीतरी तो डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून गेलेलं असतं (तो ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्येच ठेवायचा, आणि टिश्यूने घासायचा नाही, नुसता टिपायचा).

हे जमलं की फ्लोराइड इलेक्ट्रोड, म्हणजे असाच मिलिव्होल्ट देणारा, पण पाण्यातलं फ्लोराइड मोजणारा. १९६६ साली लँथेनम फ्लोराइडच्या क्रिस्टलचा आला तोच प्रकार अजून चालतो. झाबुआकडच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइडचा त्रास जुना, त्यामुळे त्या बाजूची पोरं घरून बाटली भरून आणतात, बाकीचे नळाचं नर्मदेचं पाणी आणतात, आणि मग रीडिंग घ्यायला कोणाला हाका माराव्या लागत नाहीत. बीकर प्लास्टिकचे घ्या, स्टँडर्ड असो की सँपल, टिसॅब (पीएच आणि आयनांचं एकूण प्रमाण सारखं ठेवणारं, फ्लोराइड मोकळं करणारं बफर) सगळ्यांत सारख्याच प्रमाणात घाला, नाहीतर अ‍ॅल्युमिनियम फ्लोराइडला धरून बसतं आणि रीडिंग कमी येतं. इथे १ मिलिव्होल्ट इकडेतिकडे झाला की उत्तर जवळजवळ ४ टक्क्यांनी हलतं, हे त्यांनाच काढायला लावा, कारण पिण्याच्या पाण्याची मर्यादा १ मिलिग्रॅम प्रति लिटर आणि दुसरा सोर्सच नसेल तर १.५, म्हणजे काठावरच्या सँपलला घाईचं रीडिंग चालत नाही.

फ्लोराइडचा इलेक्ट्रोड महाग असतो, बॅचला एकच मिळतो, तेव्हा पीएचचं सगळ्यांना एकदम द्या आणि फ्लोराइडला आळीपाळीने बोलवा.