मासा विचित्र वागतोय? ती निळी बाटली आधी खाली ठेवा

रविवारी सकाळी माझ्या फोनवर हमखास एक फोटो येतो. धुरकट काच, मागे ट्यूबलाइटची तिरीप, मध्ये एक केशरी ठिपका आणि खाली "दादा हा असं का करतोय, कुठलं औषध टाकू?" असं म्हणजे कसं ते नाही, टँक किती लिटरचा ते नाही, पाणी कधी बदललं तेही नाही, पण औषध मात्र लगेच पाहिजे, जमलं तर आत्ता, दुकान १ वाजता बंद होतं. मासे पाळून मला पंधरा वर्षं होतील, आणि खाली लिहिलेल्या निम्म्या चुका मी स्वतः केल्यात, त्यामुळे थोडं चिडून लिहिलं तर चालवून घ्या.

पहिली आणि माझ्या डोक्यात जाणारी चूक म्हणजे मासा बघून औषध शोधायचं, पाणी बघायचंच नाही. मासा वर येऊन तोंड उघडझाप करतोय म्हणजे काय? ऑक्सिजन कमी असेल, माशांच्याच घाणीतून तयार होणाऱ्या अमोनियाने कल्ले भाजले असतील, किंवा त्या अमोनियापासून होणारं नायट्राइट वाढलं असेल. नायट्राइट रक्तात गेलं की रक्ताला ऑक्सिजन वाहून नेताच येत नाही, मग एअर पंप कितीही बुडबुडे सोडो. तिन्हीत मासा दिसतो सेम. आणि आपण दुकानातून ती निळी बाटली आणून अंदाजाने अर्धं झाकण ओततो. त्या बाटलीतलं मेथिलीन ब्लू वाईट नाही, अंड्यांना बुरशी लागू नये म्हणून मी पण वापरतो, पण वेगळ्या डब्यात. मेन टँकमध्ये टाकलं की फिल्टरमधले अमोनिया संपवणारे कामाचे बॅक्टेरिया मरू शकतात, म्हणजे अमोनिया अजून वाढणार, आणि काचेच्या जोडाचं सिलिकॉन जन्मभर निळं राहतं ते वेगळंच.

माझी सवय सांगतो. स्टूल घ्यायचं, चहा घ्यायचा, आणि दहा मिनिटं टँकला हात न लावता बसायचं. सगळेच तसं करतायत का एकटाच? सगळे करत असतील तर ९९ टक्के पाण्याचा घोळ, एकटा असेल तर त्याला कोणी मारतंय किंवा तो खरंच आजारी आहे. मग स्वतःला विचारायचं की गेल्या तीन दिवसांत काय बदललं? टँकमध्ये नाही, घरात.

घरात का म्हणतो ते ऐका. एका पावसाळ्यात डास फार झाले म्हणून आम्ही ते लिक्विडचं मशीन लावलं, आणि हॉलमध्ये रिकामा सॉकेट एकच, टँकच्या शेजारचा. खिडक्या बंद, मशीन रात्रभर. सकाळी गप्पी बाणासारखे सुटतायत, काचेवर आपटतायत, गोल गोल फिरून तिरके पडतायत. टेस्ट केली, अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. मग माझ्यासारख्या शहाण्याने काय केलं? कल्ल्यात किडे झाले असतील असं ठरवून औषध टाकलं. दोन दिवस असेच गेले, अकरा गप्पी गेले. तिसऱ्या दिवशी फोन चार्जिंगला लावायला त्याच बोर्डापाशी वाकलो आणि दिसलं की एअर पंप त्या मशीनपासून वीतभर अंतरावर घरघरतोय. पंप हवा ओढणार कुठून, तिथलीच ना. रात्रभर मी ती वाफ एअर स्टोनमधून, म्हणजे बुडबुडे सोडणाऱ्या दगडातून, पाण्यात सोडत होतो. त्या लिक्विडमध्ये पायरेथ्रॉइड जातीचं कीटकनाशक असतं, आपल्याला फारसं काही होत नाही पण माशांना ते जहाल विष. मशीन हलवलं, अर्धं पाणी बदललं, फिल्टरमध्ये विष शोषून घेणारा कार्बन टाकला, उरलेले सहा वाचले. तेव्हापासून पेस्ट कंट्रोलवाला यायचा असेल तर आधी एअर पंप बंद, टँकवर प्लास्टिक आणि वरून ओला टॉवेल, आतला पाण्याचा फिल्टर तेवढा चालू, आणि खोली नीट हवेशीर होईपर्यंत काही उघडायचं नाही. रूम फ्रेशनर, धूप, ताजा रंग, सगळ्यालाच हा नियम.

दुसरी आवडती चूक, स्वच्छता. आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकांनी दिवाळीच्या साफसफाईत टँक पण घेतला. सगळं पाणी काढलं, खडी गरम पाण्याने धुतली, फिल्टरचा स्पंज नळाखाली पांढरा होईपर्यंत चोळला. दोन दिवसांनी गोल्डफिश वर येऊन धापा टाकतायत, परांवर लाल रेषा. मी गेलो तर काका म्हणाले, "अरे पाणी बघ, आरशासारखं आहे." काका, अमोनियाला रंग नसतो! त्या स्पंजच्या तपकिरी घाणीतच ते बॅक्टेरिया राहतात जे अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि नवीन टँकमध्ये ते जमायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. काकांनी ते एका सकाळी गटारात सोडले. त्यात नळाच्या पाण्याचा पीएच जुन्या पाण्यापेक्षा जास्त असेल तर अजून वाट, कारण पीएच ७ वरून ८ वर गेला की अमोनियाचा विषारी भाग जवळजवळ दहापट होतो. किट आणून टेस्ट केली तर अमोनिया २ पीपीएम. मी म्हटलं खाणं बंद करा, रोज तिसरा हिस्सा पाणी क्लोरीन काढलेल्या पाण्याने बदला, माझ्या टँकमधला जुना स्पंज तुमच्या फिल्टरमध्ये ठेवा. काकांना त्या स्पंजची किळस आली. त्यांनी परत सगळं पाणी बदललं. पुढचं सांगत नाही.

स्पंज धुवायचा तो टँकमधूनच काढलेल्या पाण्यात, बादलीत दोनदा पिळायचा, बस. तपकिरी राहिला तर राहू दे.

बाकीच्या चुका पटापट.

पाणी बदलल्यावर तासाभरात मासे सैरावैरा पळायला लागले तर आधी वॉचमनला विचारा, सोसायटीची टाकी धुतली का. ब्लीचिंग पावडर टाकलेलं पाणी थेट तुमच्या नळाला येतं. पावसाळ्यात गढूळ पाण्यामुळे क्लोरीनचा डोस तसाही वाढवतात. मी बादली एअर स्टोन लावून रात्रभर ठेवतो आणि तरी अँटीक्लोरीनचे थेंब टाकतोच. बोअरच्या पाण्यात ताजं असताना ऑक्सिजन कमी असतो, ते पण रात्रभर बुडबुड्यांवर ठेवा.

मे महिन्यात मासे वर आले म्हणून लगेच आजार समजू नका. २० डिग्रीला पाण्यात लिटरमागे ९ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, ३० ला साडेसातच. झाकण उघडून टेबल फॅन लावा, खाणं कमी करा. बर्फाचे खडे टाकू नका, कृपा करून.

अंग खडीवर घासतोय आणि मिठाच्या दाण्यांसारखे पांढरे ठिपके आहेत तर तो इक, म्हणजे अंगात घुसणारा एक परजीवी, तिथे औषध खरंच लागतं. पण अंगावरच्या ठिपक्याला औषध भिडत नाही, तो गळून त्यातली पिल्लं पाण्यात सुटली की मरतात. म्हणून ठिपके गेले की लोक औषध थांबवतात आणि आठवड्याने परत मला फोटो पाठवतात.

फुगलेला गोल्डफिश पालथा तरंगतोय? दोन दिवस उपास, मग उकडून सोललेला मटार. तो "भूक लागली" म्हणून काचेला येतो ते नाटक आहे, चोवीस तास करतो.

आणि काही गोष्टी विचित्र नसतातच. फायटर वर येऊन हवेचा घोट घेतो, त्याला तसा अवयवच आहे. निऑन टेट्रा रात्री लाइट बंद असताना फिके पडतात. ऑस्कर पाणी बदललं की रुसून आडवा पडतो, मनवायला जाऊ नका. क्लाउन लोच तर कुशीवर झोपतो, अगदी मेल्यासारखा. एका मुलाने तसा झोपलेला लोच मेला म्हणून जाळीने काढला, कुंडीत पुरायला खड्डापण केला होता, आणि जाळीतच तो फडफडायला लागला. परत टाकला तर दोन दिवस दगडामागून बाहेर येईना. मग मला मेसेज, "दादा मासा डिप्रेशनमध्ये गेलाय, कुठलं औषध टाकू?"