मालगाडीच्या इंजिनाचा फोटो: आधी सिग्नल वाचायला शिका

एक्स्प्रेसचा फोटो काढायला फारशी अक्कल लागत नाही. वेळापत्रक असतं, गाडी कुठवर आली ते मोबाइलवर दिसतं, आपण पाच मिनिटं आधी जाऊन उभं राहायचं. मालगाडीचं तसं नाही. तिचा हिशोब रेल्वेच्या एफओआयएस या मालवाहतुकीच्या संगणक यंत्रणेत असतो आणि तो तुमच्या-माझ्यासाठी उघडा नसतो. म्हणून कुणी नवीन मुलगा-मुलगी मला ‘कुठली लेन्स घेऊ?’ असं विचारतं तेव्हा मी सांगतो, लेन्स राहू दे, आधी सिग्नल वाचायला शिक.

सुरुवात एखाद्या छोट्या, लूप लाइन (गाडी बाजूला घेऊन थांबवायची जोडलाइन) असलेल्या स्टेशनापासून करा. मोठं जंक्शन नको. तिथे गर्दी फार, मध्ये खांब फार, आणि मालगाडी नेमकी सहाव्या-सातव्या लाइनीवरून पलीकडे निघून जाते. छोट्या स्टेशनावर होम सिग्नलकडे, म्हणजे स्टेशनात शिरतानाच्या सिग्नलकडे, लक्ष ठेवा. पिवळा दिवा आणि त्यावर पांढऱ्या दिव्यांची तिरकी रांग लागली, की गाडी मेन लाइन सोडून लूपमध्ये येणार. मालगाडी असेल तर बहुतेक वेळा मागून एखादी एक्स्प्रेस येत असते आणि हिला बाजूला घेतलेलं असतं. लूपमध्ये ती ताशी १५ ते ३० किलोमीटरच्या वेगाने शिरते, म्हणजे तुमच्या हातात भरपूर वेळ. इंजिन येऊन थांबणार स्टार्टर सिग्नलच्या, म्हणजे स्टेशनातून निघतानाच्या सिग्नलच्या, अलीकडे. तो सिग्नल कुठे आहे ते आधी बघून ठेवलंत तर कुठे उभं राहायचं हे आपोआप ठरतं.

उभ्या इंजिनाचा फोटो घ्या, जरूर घ्या, पण तेवढ्यावर निघू नका. एक्स्प्रेस धाडधाड निघून जाते, पुढचा ब्लॉक (पुढच्या स्टेशनाकडचा रुळाचा टप्पा) मोकळा होतो, लूपचा स्टार्टर पिवळा होतो. मग हॉर्न वाजतो आणि ५८-५९ वाघिणींचा कोळशाचा रेक हलायला लागतो. कपलिंगं एकेक करून ताणली जातात, त्याचा खडखडाट पुढून मागे लांबवर पळत जातो. इंजिन मात्र माणूस चालतो त्या वेगानेच सरकत असतं. मालगाडीचा फोटो म्हणजे माझ्या लेखी हा क्षण. इंजिन ओझं ओढतंय हे फोटोत दिसायला हवं. नुसतं तोंड भरून काढलेलं इंजिन शेडमध्ये उभं असलं काय आणि गाडीला लावलेलं असलं काय, फरक कळत नाही. फ्रेममध्ये निदान सात-आठ वाघिणी तरी येऊ द्या.

यासाठी वळण सगळ्यात उत्तम. वळणाच्या आतल्या बाजूने १०० ते २०० मिलिमीटरच्या लेन्सने घेतलं तर मागचा रेक इंजिनाच्या पाठीशी गोळा होऊन येतो. मात्र भर दुपारी टेली लेन्स लावून लांबचं इंजिन टिपायला जाऊ नका. तापलेल्या खडीवरची हवा थरथरते आणि फोटो असा मऊ येतो की लोक फोकसला दोष देत बसतात.

उजेडाचं गणित सोपं आहे. सूर्य आपल्या पाठीशी, थोडा एका बाजूला, आणि इंजिनाचं तोंड व बाजू दोन्ही उजळलेली. सकाळी पूर्वेकडे जाणाऱ्या गाड्या, संध्याकाळी पश्चिमेकडे जाणाऱ्या. आपल्याकडे हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असतो, तेव्हा पूर्व-पश्चिम मार्गाच्या दक्षिणेला उभं राहिलं की दिवसभर काम होतं. मेच्या मध्याला तो दुपारी बरोब्बर डोक्यावर येतो. त्या दिवसांत अकरानंतर घरी जावं, कारण इंजिनाची खालची अर्धी बाजू, बोगी (चाकं बसवलेला खालचा सांगाडा), चाकं, सगळं काळं ठिक्कर येतं. आणि मालगाडीच्या इंजिनाची खरी गंमत तर बोगीतच आहे.

शटरचं म्हणाल तर ६०-७० च्या वेगाने येणाऱ्या गाडीला १/८०० किंवा १/१००० ठेवा. पॅनिंग, म्हणजे गाडीबरोबर कॅमेरा फिरवत फोटो, करायचं असेल तर १/६० वर या. मिररलेस कॅमेऱ्यात आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावून ठेवलं असेल तर ते काढून टाका. जवळून जाणारं इंजिन त्यात तिरकं होतं, नाक एकीकडे आणि बूड एकीकडे. हेडलाइटमुळे कॅमेरा फसतो आणि बाकी सगळं अंधारं करतो. गाडी येण्याआधीच रुळाशेजारच्या गवतावर एक्स्पोजर बघा आणि मॅन्युअलला बांधून ठेवा. मोबाइलवाल्यांनी स्क्रीनवर बोट दाबून धरून एक्स्पोजर लॉक करावं, तेवढं पुरतं.

विजेच्या इंजिनाला आणखी एक कटकट असते, ती म्हणजे वरच्या विजेच्या तारेचे खांब. दोन खांबांत जास्तीत जास्त ७२ मीटर अंतर असतं, वळणावर त्याहून कमी. गाडी नसताना एक रिकामा फोटो काढा आणि इंजिनाचं नाक कुठे आल्यावर एकही खांब त्याच्या आड येत नाही ते ठरवा. रुळाजवळचा एखादा दगड किंवा झुडूप खूण म्हणून धरा. नाक तिथे आलं की बटण दाबायचं. बर्स्टवर (एका दमात धडाधड फोटो काढण्यावर) सगळं सोपवणाऱ्यांना शेवटी खांबांचेच फोटो मिळतात.

समोर कुठलं इंजिन आहे त्यावर फ्रेम बदलते. डब्ल्यूएजी-९ आणि डब्ल्यूएजी-७ ही मालगाडीची विजेची इंजिनं बहुतेक फ्रेममध्ये नीट बसतात. बारा हजार हॉर्सपॉवरचं डब्ल्यूएजी-१२बी मात्र दोन भागांचं जोडइंजिन आहे. त्याला नेहमीच्या अंतरावरून घेतलं तर मागचा भाग कापला जातो आणि ते अर्धं इंजिन वाटतं. चांगलं मागे सरा. एकाच केबिनच्या डब्ल्यूडीजी-४ या डिझेल इंजिनाचा लाँग हूड (केबिनपलीकडचा यंत्रांचा लांब भाग) पुढे असेल तर त्याला म्हणावा असा चेहराच नसतो. तेव्हा समोरून सोडा, बाजूने घ्या. कठडे, रेडिएटर, वरचा धूर, हे सगळं बाजूनेच दिसतं. आणि डिझेल दिसलं तर चहा खाली ठेवा. २०२२ मध्ये कोकण रेल्वेचं विद्युतीकरणही पूर्ण झालं, आता मेन लाइनवर डिझेल मालगाडी मिळणं नशिबाची गोष्ट.

मी स्वतः जास्त रमतो तो थळ घाटात, कसारा ते इगतपुरी. चढ १:३७ चा, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. एकट्या इंजिनाला जड मालगाडी वर नेणं झेपत नाही, म्हणून कसाऱ्याला मागून बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिनं, लागतात. इथे नवखे लोक हमखास एक चूक करतात. पुढचं इंजिन गेलं की कॅमेरा खाली घेतात, स्क्रीनवर फोटो बघत बसतात, आणि मागून ढकलत येणारी दोन-तीन इंजिनं तशीच निघून जातात. घाटात शेवटचं इंजिनसुद्धा पहिल्यासारखंच धरायचं. पावसाळ्यात तर धुक्यातून आधी आवाज येतो आणि बऱ्याच वेळाने दिवे. हिरवं इंजिन हिरव्या डोंगरात हरवतं, तेव्हा मागे बोगद्याचं तोंड किंवा नुसतं आभाळ येईल अशी जागा शोधा.

आता न आवडणारं, पण सांगायलाच हवं असं. रुळावर, यार्डात, बोगद्यात, रेल्वेच्या पुलावर जायचं नाही. परवानगीशिवाय रेल्वेच्या हद्दीत घुसणं हा रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. प्लॅटफॉर्म, पादचारी पूल, रस्त्यावरचा पूल, फाटकाबाहेरचा रस्ता, एवढ्या जागा पुष्कळ झाल्या. प्लॅटफॉर्म तिकीट दहा रुपयांचं आणि दोन तासांचं असतं, ते खिशात ठेवा. छोट्या स्टेशनावर गेल्या गेल्या स्टेशन मास्तरांना सांगून टाका. ‘काका, इंजिनांचे फोटो काढतोय’ म्हटल्यावर बरेचदा पुढची मालगाडी कधी येतेय तेही तेच सांगतात. नाही म्हणाले तर निमूट निघायचं, वाद घालायचा नाही. वरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात आणि धक्का बसायला तार हाताला लागावी लागत नाही. दोन मीटरच्या आत काहीही गेलं तरी खेळ संपला, म्हणून पुलावरून सेल्फी स्टिक किंवा मोनोपॉड बाहेर काढणाऱ्यापासून मी लांब उभा राहतो. फ्लॅश कधीच नको, लोको पायलटच्या डोळ्यांवर येतो. लष्कराचं सामान नेणारी गाडी आली तर कॅमेरा बंद.

घरी आल्यावर त्याच दिवशी नोंद करा: इंजिनाचा नंबर, बाजूवर रंगवलेलं शेडचं नाव, रेक कसला होता, गाडी कुठल्या दिशेची. नंबरावरूनच बरंच कळतं. ३१, ३२, ३३ ने सुरू होणारा डब्ल्यूएजी-९, २७-२८ वाला डब्ल्यूएजी-७, ६० वाला डब्ल्यूएजी-१२बी, १२ वाला डब्ल्यूडीजी-४. जागेसाठी खांबावरची पाटी टिपून घ्या. तिच्यावर वर किलोमीटर असतो आणि खाली त्या किलोमीटरमधल्या खांबाचा क्रमांक. पुढच्या हिवाळ्यात त्याच ठिकाणी उभं राहायचं असेल तर एवढी एक पाटी पुरते.