विमानाच्या पिस्टन इंजिनासाठी परवडणारा बोअरस्कोप कसा निवडावा

सेस्ना १७२ सारख्या विमानाचे स्पार्क प्लग दर १०० तासांच्या तपासणीत निघतातच. प्लग निघाला की सिलिंडरच्या आत डोकावायला १८ मिलिमीटर आट्यांचे भोक आयते मोकळे होते. त्यातून बोअरस्कोप, म्हणजे केबलच्या टोकावरचा बारीक कॅमेरा, घालून एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा (जळालेला वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेचा) फोटो घ्यायला सिलिंडरमागे पाच-सात मिनिटे लागतात. जळत चाललेला व्हॉल्व्ह हवेत तुटण्याआधी सापडण्याची ही सर्वांत स्वस्त आणि खात्रीची वाट आहे. सिलिंडरमध्ये दाबाची हवा भरून गळती मोजणाऱ्या नुसत्या कॉम्प्रेशन चाचणीवर विसंबता येत नाही. आकडा चांगला येऊनही व्हॉल्व्हची कड जळायला लागलेली असू शकते आणि आकडा खराब येऊनही सिलिंडर निर्दोष असू शकतो. इंजिने बनवणाऱ्या कॉन्टिनेन्टल कंपनीने २००३ सालच्या एसबी०३-३ या सर्व्हिस बुलेटिनमध्ये कॉम्प्रेशन चाचणी आणि बोअरस्कोप तपासणी एकत्र आणली, ती यासाठीच.

पुढचे मार्गदर्शन लायकमिंग, कॉन्टिनेन्टल आणि रोटॅक्सच्या पिस्टन इंजिनांपुरते आहे. टर्बाइन इंजिनात ब्लेडवरची खाच किती खोल आहे हे मोजून निर्णय घ्यावा लागतो. त्यासाठी मोजमाप करणारे, लाखो रुपयांचे बोअरस्कोप असतात. तिथे स्वस्त कॅमेऱ्यावर निर्णय घेऊ नये.

आधी भोक आणि खोली समजून घ्या

प्लगचे भोक सिलिंडर हेडच्या घुमटात असते आणि दोन्ही व्हॉल्व्ह त्याच घुमटात, भोकाच्या शेजारी बसलेले असतात. त्यामुळे सरळ बघणारा कॅमेरा आत घातला की पिस्टनचा माथा आणि समोरची भिंत दिसते. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, तो एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मात्र कॅमेऱ्याच्या पाठीमागे राहतो. म्हणून कॅमेऱ्याचे टोक आत गेल्यावर जवळजवळ उलटे, आलेल्या दिशेकडे वळले पाहिजे. बाजारातले हजार-दोन हजारांचे बहुतेक यूएसबी कॅमेरे इथेच बाद होतात.

आता मापे. लायकमिंग ओ-३२० चा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) सुमारे १३० मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनचा प्रवास) ९८ मिमी, ओ-३६० चा बोअर तेवढाच पण स्ट्रोक १११ मिमी. पिस्टन तळाला असेल तेव्हा वळणारे टोक आत आरामात फिरते. प्रशिक्षणाच्या हलक्या विमानांत दिसणाऱ्या रोटॅक्स ९१२ यूएलएसचा बोअर ८४ मिमी आणि स्ट्रोक ६१ मिमी आहे, शिवाय प्लगचे आटे १२ मिमीचे. तिथे ८ मिमी जाडीचा कॅमेरा जेमतेम शिरतो आणि वळायला जागा उरत नाही. दोन्ही प्रकारची इंजिने हाताखाली असतील तर जाडी ६ मिमीच्या वर नको.

उलट, बारीक म्हणजे चांगला असेही नाही. ३.९ मिमीच्या कॅमेऱ्यात भिंग लहान, एलईडी कमी आणि टोक वळवणाऱ्या तारा नाजूक असतात. पिस्टन इंजिनाला त्या बारीकपणाचा काही उपयोग नाही. ५.५ ते ६ मिमी हे माप बरोबर बसते.

पैसे कशाला मोजायचे

पहिला पैसा वळणाऱ्या टोकाला. दोन दिशांना वळणारे टोक पुरते, कारण उरलेली दिशा केबल मनगटाने फिरवून मिळवता येते. चार दिशांना वळणारे महाग पडते. विक्रेते १८० किंवा २१० अंश लिहितात, पण ते केबल सरळ ताणलेली असताना. केबलला वेटोळे पडले की आतल्या तारांचा ताण बदलतो आणि वळण कमी होते. खरेदीपूर्वी केबलला एक वळसा देऊन मगच टोक वळवणारे चाक फिरवून बघा. टोकाचा न वळणारा कडक भाग आणि वळणाची गोलाई मिळून किती जागा व्यापतात हे पट्टीने मोजा. ५० मिमीत पूर्ण वळण घेणारे टोक लायकमिंगमध्ये सुखाने चालते.

दुसरा पैसा फोकसला. स्वस्त कॅमेऱ्यांचा फोकस कारखान्यातच पक्का केलेला असतो, अनेकदा ३ ते ८ सेंटिमीटरवर. व्हॉल्व्ह मात्र भिंगापासून दोन-तीन सेंटिमीटरवर येतो आणि नेमकी त्याची कड धूसर दिसते. दीड सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंत चित्र स्वच्छ हवे.

तिसरा पैसा प्रकाश आणि रंगाला. एक्झॉस्ट व्हॉल्व्हचे निदान बरेचसे रंगावर चालते. निळसर एलईडीत तांबूस थर राखाडी दिसतो आणि मग फोटोला अर्थ राहत नाही. प्रकाश कमी-जास्त करण्याची सोय नसेल तर ओलसर, चकाकत्या धातूवर चित्र पांढरे फटक पडते.

पिक्सेलच्या आकड्यांवर पैसे घालवू नका. '१०८० पी' छापलेल्या पुष्कळ स्वस्त कॅमेऱ्यांचा सेन्सर मुळात ६४० × ४८० चा असतो आणि चित्र फुगवून मोठे केलेले असते. प्रामाणिक ७२० पी या कामाला पुरेसे आहे. केबल एक मीटर हवी. पाच मीटरची केबल हँगरमध्ये पायात येते आणि लांबीमुळे वळणही ढिले पडते. वायफायवर चालणाऱ्या कॅमेऱ्यात चित्र क्षणभर मागे राहते, टोक वळवताना त्याचा फार त्रास होतो. स्वतःचा पडदा आणि मेमरी कार्ड असलेला घ्यावा, नाहीतर तारेने फोनला जोडणारा.

भावाचे म्हणाल तर वळणारे टोक आणि पडदा असलेला कामाचा बोअरस्कोप साधारण पंधरा ते तीस हजारांच्या पट्ट्यात मिळतो. कडक नळीच्या टोकाशी फिरणारा कॅमेरा असलेला यूएसबी प्रकारही याच कामासाठी वापरतात. तो दणकट असतो, पण काउलिंग (इंजिनावरचे आवरण) आणि बॅफलच्या (हवा वळवणाऱ्या पत्र्यांच्या) अडचणीत ती सरळ नळी मागच्या सिलिंडरला अडते का, हे आपल्या विमानावर तपासून मगच घ्या. समोर आणि बाजूला अशी दोन भिंगे असलेला स्वस्त कॅमेरा भिंतीसाठी ठीक. व्हॉल्व्ह त्यात तिरका दिसतो, कड नीट दिसत नाही.

डब्याची परीक्षा

विकत घेण्यापूर्वी, किंवा परत करण्याची मुदत असेपर्यंत, ही परीक्षा जरूर घ्या. खर्च शून्य आहे आणि जाहिरातीतला एकही आकडा तिच्याइतके खरे सांगत नाही.

१. पाच इंच रुंद आणि दहा-बारा सेंटिमीटर उंच असा झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घ्या. हा तुमचा सिलिंडर. झाकण म्हणजे हेड, बूड म्हणजे तळाला गेलेला पिस्टन.

२. झाकणात, मध्यापासून जरा बाजूला, १६ मिमीचे भोक पाडा. १८ मिमीच्या आट्यांच्या आत साधारण एवढीच मोकळी जागा असते. रोटॅक्ससाठी बघायचे असेल तर भोक १० मिमीचे आणि डबाही लहान.

३. झाकणाच्या आतल्या बाजूला, भोकापासून तीन-चार सेंटिमीटरवर, वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातींच्या बारीक अक्षरांचा तुकडा चिकटवा. त्याच्या शेजारी कुंकवाचे एक बोट, हळदीचे एक बोट आणि हिरव्या कागदाची पातळ चकती लावा. डब्याच्या भिंतीवर आतून बारीक सँडपेपर तिरका घासून ओरखडे काढा.

४. झाकण लावा, डबा अंधाऱ्या खोलीत ठेवा आणि भोकातून कॅमेरा घाला. टोक उलटे वळवून झाकणावरची अक्षरे वाचता आली पाहिजेत. कुंकू आणि हळद वेगवेगळी ओळखू आली पाहिजेत, हिरवी चकती हिरवी दिसली पाहिजे आणि भिंतीवरचे ओरखडे मोजता आले पाहिजेत.

५. फोटोचे बटण दाबताना चित्र हलते का ते बघा. वीस वेळा टोक वळवा, सरळ करा, बाहेर काढा. विसाव्या वेळीही ते पूर्ण सरळ होत नसेल तर तो कॅमेरा नको.

अक्षरे न वाचता येणारा कॅमेरा कितीही स्वस्त मिळाला तरी परत करा. व्हॉल्व्हच्या कडेचा जळका भाग त्या अक्षरांपेक्षा मोठा असेलच असे नाही.

डब्यात नसलेले धोके

स्वस्त कॅमेऱ्यासोबत चिमटीने अडकवायचा आरसा, हूक आणि लोहचुंबक येतात. पाकीट उघडताच ते वेगळे काढा आणि इंजिनाच्या जवळपास ठेवू नका. आरसा सिलिंडरमध्ये निसटला तर तो काढायला सिलिंडर उतरवावा लागू शकतो. टोकाचे पुढचे झाकण आट्यांवर बसवलेले असेल तर ते हाताने सैल होत नाही ना, हे प्रत्येक वेळी बघा.

आयपी ६७ ही खूण धूळ आणि पाणी आत न शिरण्यासाठी असते. इंजिन ऑइल आणि ॲव्हगॅसमध्ये (विमानाच्या पेट्रोलमध्ये) केबलचे आवरण किती टिकेल, हे ती सांगत नाही. धातूच्या जाळीचे आवरण साध्या प्लॅस्टिकपेक्षा चांगले, विशेषतः प्लगच्या भोकातल्या हेलिकॉइलच्या (आट्यांसाठी बसवलेल्या तारेच्या वेटोळ्याच्या) कडेवर केबल घासते म्हणून. आणि असा कॅमेरा इंधनाच्या टाकीत कधीच घालू नये. त्याची वीजजोडणी ज्वलनशील वाफेत वापरण्यासाठी बनवलेली नसते.

उष्णताही बघा. स्वस्त कॅमेरे साधारण ६० ते ८० अंश सेल्सिअसपर्यंतचे असतात आणि नुकत्या उतरलेल्या विमानाचा सिलिंडर त्याहून पुष्कळ गरम असतो. कॉम्प्रेशन चाचणी इंजिन गरम असताना करायची असते, तेव्हा ती आधी उरका आणि सिलिंडरवर हात ठेवता येईल इतका तो निवला की मग कॅमेरा.

पहिली तपासणी

मॅग्नेटो (प्लगना ठिणगी देणारे यंत्र) बंद, चावी खिशात, मिक्श्चर आयडल कटऑफला (इंधन तोडणाऱ्या जागी), इंधनाचा व्हॉल्व्ह बंद, चाकांना अडणी. प्रत्येक सिलिंडरचा वरचा प्लग काढा आणि खालच्या प्लगांच्या वायरीही सोडवा. बहुतेक लायकमिंग इंजिनांत निदान एका मॅग्नेटोला इम्पल्स कपलिंग (सावकाश फिरतानाही ठिणगी पाडणारी जोडणी) असते. पी-लीड (मॅग्नेटो बंद करणारी तार) तुटलेली असेल तर हाताने सावकाश फिरवलेल्या प्रॉपेलरवरही ठिणगी पडते. इथे घाई केलेल्यांचे हात गेले आहेत.

पिस्टन तळाला आणा, कॅमेरा सरळ ठेवून आत सोडा आणि आत गेल्यावर वळवा. काढताना आधी चाक सोडून टोक सरळ करा, मग ओढा. वळलेले टोक हेलिकॉइलला अडकवून ओढले की तारा तुटतात. या कॅमेऱ्यांचा शेवट बहुधा असाच होतो. प्रॉपेलर हलवण्यापूर्वी कॅमेरा पूर्ण बाहेर असलाच पाहिजे. प्रॉपेलरवरचा माणूस आणि कॅमेऱ्यावरचा माणूस वेगळे असतील तर 'बाहेर' असे मोठ्याने बोलायची सवय लावा.

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आकाराने लहान असतो आणि त्यावर तांबूस, पिवळसर किंवा करडा थर असतो. इनटेक व्हॉल्व्ह (इंधन-हवा आत घेणारा) मोठा आणि सहसा काळपट. निरोगी एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर रंगांची वर्तुळे एकात एक, मधोमध बसलेली दिसतात. एका बाजूला कडेपर्यंत गेलेला वेगळा डाग, हिरवट छटा किंवा पातळ झालेली कड दिसली तर तिथून गरम वायू निसटतो आहे आणि व्हॉल्व्ह तिथेच तापतो आहे. वर्तुळे सरकली म्हणजे बहुधा व्हॉल्व्ह फिरायचा थांबला आहे किंवा व्हॉल्व्हचा दांडा धरणारे गाइड झिजले आहे. बंद व्हॉल्व्हचा फोटो झाला की कॅमेरा काढून प्रॉपेलर एक्झॉस्ट स्ट्रोकपर्यंत फिरवा आणि उघड्या व्हॉल्व्हची बसण्याची कड व ती जिथे टेकते ते सीटही टिपा.

भिंतीवर होनिंगची, म्हणजे मुद्दाम घासून काढलेल्या बारीक रेषांची, तिरकी जाळी दिसली पाहिजे. पिस्टनच्या प्रवासाच्या दिशेने उभे, रुंद ओरखडे पिस्टन पिनच्या प्लगमुळे पडलेले असू शकतात. अशा वेळी ऑइल फिल्टर कापून ॲल्युमिनियमचे कण शोधा. पावसाळ्यात जुहू किंवा गोव्यासारख्या समुद्राकाठच्या विमानतळावर महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या विमानात भिंतीच्या वरच्या अंगाला गंजाचे ठिपके हमखास शोधा, कारण आडव्या सिलिंडरमधले ऑइल ओघळून खाली जाते आणि वरची बाजू कोरडी पडते. लायकमिंगचा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडवणारा दांडा) प्लगच्या भोकातून दिसत नाही, पण भिंत गंजली असेल तर त्याचीही काळजी करायला हवी. पिस्टनचा माथा वाळूने घासल्यासारखा स्वच्छ असेल तर डिटोनेशनचा, म्हणजे इंधन-हवा एकदम स्फोटासारखी जळण्याचा, संशय घ्या.

फोटोला नाव लगेच द्या: विमानाची नोंदणी, तारीख, इंजिनाचे तास, सिलिंडर क्रमांक. क्रमांकात गफलत सहज होते. कॉकपिटमध्ये बसून पुढे पाहताना लायकमिंगचा १ नंबर उजवीकडे पुढे असतो, कॉन्टिनेन्टलचा उजवीकडे मागे. पुढच्या १०० तासांनी त्याच कोनातून काढलेला दुसरा फोटो शेजारी ठेवला की एकट्या फोटोत न कळलेला बदल कळतो. सिलिंडर काढायचा की नाही, हे कॉम्प्रेशनचा आकडा, हवा कुठून निसटते तो आवाज, ऑइल फिल्टर आणि फोटो यांच्या आधारे, उत्पादकाच्या मॅन्युअलप्रमाणे, परवानाधारक एएमईने (विमान देखभाल अभियंत्याने) ठरवायचे. कॅमेरा सीएआर-१४५ (विमान देखभाल संस्थांचा नियम) मान्यता असलेल्या संस्थेत वापरणार असाल तर तो तेथील अवजारांच्या यादीत नोंदवून घ्या.

प्लग परत बसवताना तांब्याचे वॉशर नवे घ्या, टोकाकडचा पहिला आटा सोडून अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारे वंगण) लावा आणि लायकमिंगसाठी ३५ फूट-पाउंड टॉर्क द्या. त्याआधी कॅमेऱ्याचे टोक एकदा उजेडात बघा: काच, झाकण, एलईडी, सगळे जागेवर. एखादा तुकडा कमी असेल तर तो सापडेपर्यंत एकही प्लग बसवायचा नाही.