एक्स विंडो: फाँट-रंग एकदाच सेट करा, सगळ्या मशीनवर तेच

एक्स११ म्हणजे एक्स विंडोची १९८७ पासूनची आवृत्ती, लिनक्स-युनिक्सवर स्क्रीनवर खिडक्या दाखवणारी सिस्टीम, आणि तिच्यात सर्व्हर म्हणजे तुमच्या समोरचं मशीन, जिथे स्क्रीन-कीबोर्ड आहे ते. प्रोग्राम कुठूनही, अगदी दुसऱ्या शहरातल्या मशीनवरून चालू शकतो. म्हणून प्रत्येक मशीनवर वेगळी सेटिंग फाइल ठेवत बसू नका, त्या कायम मागेपुढे होतात.

होम डिरेक्टरीत डॉट एक्सरिसोर्सेस (.Xresources) नावाची फाइल करा, एका ओळीत प्रोग्रामचं नाव, चांदणी (*), सेटिंगचं नाव, कोलन आणि व्हॅल्यू. कॉमेंट हवी तर ओळीच्या सुरुवातीला उद्गारचिन्ह. मग या सेटिंग सर्व्हरवर चढवणारी एक्सआरडीबी (xrdb) कमांड मर्ज (-merge) ऑप्शनसकट चालवा आणि पुढे फाइलचं नाव द्या, नुसती चालवलीत तर ती लोड समजते आणि आधीचं सगळं पुसून नवीन टाकते, हे नक्की लक्षात ठेवा!! काय लोड झालंय ते क्वेरी (-query) ऑप्शनने दिसतं.

खरी मजा म्हणजे हे सगळं सर्व्हरच्या रूट विंडोवर (सगळ्यांच्या मागची, पूर्ण स्क्रीनभरची खिडकी) साठतं, त्यामुळे लांबच्या मशीनवरून उघडलेला एक्सटर्म हा टर्मिनल प्रोग्रामसुद्धा तुमचाच फाँट घेतो, तिकडे काहीच कॉपी करावं लागत नाही. किती सुंदर डिझाइन आहे हे! उघड्या खिडक्या मात्र बदलत नाहीत, प्रोग्राम बंद करून परत उघडा.

जीटीके, क्यूटी (खिडक्या-बटणं बनवायच्या लायब्ररी) वापरणारे नवे प्रोग्राम यातलं बरंचसं बघत नाहीत, त्यांची थीम वेगळी लावा.

एक्ससेट (xset) कमांडने केलेलं स्क्रीन ब्लँक, माउस स्पीड वगैरे लॉगआउटनंतर टिकेलच असं नाही, त्या कमांड स्टार्टअप स्क्रिप्टमध्येच टाका.