बाळ झाल्यावर चळवळीत परतताना

महाविद्यालयात असताना मोर्चात चाललेले, पत्रके वाटलेले, निवडणुकीत दारोदार फिरलेले अनेकजण नोकरी आणि घराचे हप्ते सुरू झाले की राजकारणापासून दूर जातात. मूल झाल्यावर मात्र ते पुन्हा अस्वस्थ होऊ लागतात, कारण नळाला येणारे गढूळ पाणी, समोरच्या बांधकामाची धूळ आणि बाबागाडी ढकलता येणार नाही असे पदपथ आता रोज अंगावर येतात. ही ऊर्मी खरी असते, पण रात्री उशिरापर्यंत लांबणाऱ्या बैठका आणि आयत्या वेळी ठरणारी धरणी या जुन्या रीतीने तिला वाट दिली तर ती लवकरच विझते. म्हणून परतताना आधी कामाचे स्वरूप बदलावे.

प्रश्न एकच निवडावा आणि तो शक्यतो बाळाला घेऊन पायी जाता येईल इतक्या अंतरावरचा असावा. अशा प्रश्नाला क्षुल्लक मानण्याचे कारण नाही. मृणाल गोरे यांचे पती केशव गोरे १९५८ मध्ये वारले, तेव्हा त्यांची मुलगी लहान होती. पुढे १९६१ मध्ये त्या मुंबई महापालिकेवर निवडून आल्या आणि गोरेगाव परिसराच्या पाण्याचा त्यांनी असा पिच्छा पुरवला की लोक त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हणू लागले.

आजच्या पालकांसमोर असे विषय बरेच आहेत. एसटी स्थानकात स्तनपानासाठी हिरकणी कक्ष असतो. तो उघडा आहे का, किल्ली कोणाकडे असते, आत बसायला जागा आणि पंखा आहे का, एवढे पाहण्यापासून सुरुवात होऊ शकते. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ नुसार सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या बालकांना, तसेच गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीतून पोषण आहार मिळण्याचा हक्क आहे. तो वेळेवर येतो का, हे अंगणवाडी सेविकेशी बोलून समजून घ्यावे, मात्र तिलाच आरोपी करू नये, कारण पुरवठा तिच्या हातात नसतो. नोकरदारांसाठी मातृत्व लाभ कायद्यात २०१७ च्या दुरुस्तीने आलेली आणि आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये असलेली तरतूद महत्त्वाची आहे: पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता आले पाहिजे.

विषय ठरला की कागद तयार करावा. निवेदनाच्या दोन प्रती काढून एकीवर कार्यालयाचा शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यावा. पोच नसलेले निवेदन दिले नाही असेच समजावे. त्यावर हालचाल झाली नाही तर माहिती अधिकार कायदा, २००५ खाली अर्ज करावा. शुल्क दहा रुपये असून महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर आणि साधारणपणे दीडशे शब्दांत बसवावा लागतो. या मर्यादेवर टीका झाली आहे आणि ती रास्तही आहे, पण मांडीवर मूल घेऊन एका हाताने मोबाइलवर लिहिणाऱ्याला ती फारशी जाचत नाही. ‘कक्ष बंद का आहे?’ असे विचारू नये, कारण जन माहिती अधिकारी अभिलेखातील माहिती देण्यास बांधील असतो, खुलासा करण्यास नव्हे. त्याऐवजी देखभालीच्या आदेशाची प्रत, गेल्या वर्षाचा खर्च आणि तपासणी नोंदवहीतील नोंदी मागाव्यात. उत्तर तीस दिवसांत अपेक्षित असते. ते आले नाही किंवा अपुरे आले तर पुढील तीस दिवसांत प्रथम अपील आणि त्यानंतर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे द्वितीय अपील करता येते. या तारखा लसीकरणाच्या तारखांशेजारीच लिहून ठेवाव्यात.

यापेक्षा अवघड वाटाघाट घरात असते. बाबांची चळवळ आणि आईची जागरणे अशी विभागणी आपल्याकडे पूर्वापार चालत आली आहे आणि समतेवर भाषणे करणारेही तिला अपवाद नसतात. आठवड्यातील कोणती संध्याकाळ कोणाची, हे आधी ठरवावे. एकाला बैठकीसाठी जितका वेळ मिळतो तितकाच दुसऱ्यालाही मिळावा, मग तो त्याने झोपण्यासाठी वापरला तरी चालेल. आजी-आजोबांना गृहीत धरू नये, त्यांना विचारावे.

बैठक दिवसा, तळमजल्यावर आणि तासाभराची ठेवली तर इतर पालकही येतात. गावात राहणाऱ्यांनी ग्रामसभेआधी होणाऱ्या महिला सभेचा उपयोग करून घ्यावा. तान्ह्या बाळाला मात्र मोर्चात किंवा उघड्यावरच्या धरण्यात नेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. २०२० च्या जानेवारीत दिल्लीतील शाहीनबाग येथील आंदोलनात नेल्या जाणाऱ्या चार महिन्यांच्या बाळाचा मृत्यू झाला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली होती. बाळाच्या गळ्यात फलक अडकवून छायाचित्र प्रसृत करण्याचा मोहही टाळावा. त्याची संमती कोणी घेतलेली नसते.

राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना १९७९ च्या वर्तणूक नियमांनुसार राजकीय पक्षाच्या कामात भाग घेता येत नाही, हे त्यांनी ध्यानात ठेवावे. महापालिकेची किंवा ग्रामपंचायतीची निवडणूक लढवण्याचा विचार असेल, तर निम्म्या जागा महिलांसाठी राखीव असतात ही संधी आहे, आणि दोनपेक्षा अधिक अपत्यांबाबतची अपात्रतेची तरतूद ही अडचण ठरू शकते. सध्याचा नियम अर्ज भरण्याआधी वाचून घ्यावा. बाळासाठी मोठे घर घेऊन पत्ता बदललेल्या अनेकांचे नाव मतदारयादीत जुन्याच ठिकाणी राहिलेले असते. ते नमुना ८ भरून नव्या पत्त्यावर आणावे, आणि हे काम निवडणूक जाहीर होण्याची वाट न पाहता करावे.