अझाइड साखर, डीबीसीओ आणि वाया गेलेले चार महिने

जिवाणूंच्या पृष्ठभागावरच्या साखरांवर काम सुरू करताय त्यांच्यासाठी लिहितेय. मेटाबॉलिक लेबलिंग माहीत असेलच, अझाइड (तीन नायट्रोजनचा छोटा गट) लावलेली साखर खायला घालायची, जिवाणू ती आपल्या ग्लायकॅनमध्ये, म्हणजे साखरांच्या साखळ्यांमध्ये, वापरतो आणि मग क्लिक रिअॅक्शनने, म्हणजे दोन ठरावीक गट पटकन जोडणाऱ्या रिअॅक्शनने, त्यावर चमकणारा डाय बसवायचा. २०२२ चं केमिस्ट्रीचं नोबेल याच क्लिक आणि बायोऑर्थोगोनल (पेशीच्या स्वतःच्या रसायनांत ढवळाढवळ न करणाऱ्या) केमिस्ट्रीला मिळालं, त्यामुळे वाचायला भरपूर आहे.

नेहमीच्या क्लिकला तांबं लागतं, पण तांब्याने जिवाणू मरतात म्हणून मी तांबं न लागणारा डीबीसीओ (अझाइडशी आपोआप जुळणारा गट) असलेला डाय घेतला. पहिल्याच दिवशी मायक्रोस्कोपखाली प्रत्येक पेशीची कड हिरवीगार दिसली, अंगावर काटा आला. कंट्रोल होता, पण डाय न टाकलेल्या पेशींचा, तो काळा दिसणारच ना! चार महिन्यांनी साखरच न दिलेल्या पेशींना डाय लावून बघितला, आणि त्याही जवळजवळ तेवढ्याच हिरव्या.

झालं काय, तर डीबीसीओ फक्त अझाइडशीच जुळतो असं मी धरून चालले होते, पण प्रोटीनमधल्या सिस्टीन या अमिनो आम्लाच्या मोकळ्या थायॉललाही (गंधक असलेल्या गटालाही) तो जाऊन चिकटतो. शिवाय असे डाय पाण्यापासून पळणारे, मेलेल्या पेशींवर असेच बसून राहतात, धुवून धुवून हात दुखले तरी निघत नाहीत. म्हणजे बराचसा हिरवा रंग साखरेचा नव्हताच. म्हणून अझाइड नसलेली तीच साखर देऊन पूर्ण डाय लावलेली नळी पहिल्या दिवसापासून हवीच, हवीच. पेशी फिक्स केलेल्या (रसायनाने मारून आहे तशा टिकवलेल्या) असतील तर डीबीसीओच्या आधी आयोडोअसेटामाइडने थायॉल बंद करा, ताजं बनवून, अंधारात. किंवा सरळ तांब्याचं क्लिक, तांब्याला धरून ठेवणाऱ्या बीटीटीएए लिगँडसोबत.

सीनियरचा प्रोटोकॉल जसाच्या तसा उचलू नका, तो त्याच्या जिवाणूसाठी असतो. ग्लुकोसामाइनचं अझाइड पेप्टिडोग्लायकॅनमध्येही (पेशीभित्तिकेच्या जाळीतही) जाऊ शकतं, त्यामुळे नुसत्या चमकण्यावरून कुठला ग्लायकॅन ते कळत नाही. ग्रॅम-निगेटिव्हचं एलपीएस (बाहेरच्या पटलावरचा साखर-चरबीचा रेणू) बघायचं तर त्यातल्याच केडीओ साखरेचं अझाइड, मायकोबॅक्टेरियाला ट्रेहालोज-अझाइड, हे जास्त नेमके. आणि गाईड असा शोधा जो चित्राआधी कंट्रोल मागतो.

घाबरू नका, चार महिने गेले तरी काम उभं राहतं. दुसऱ्या फेरीत माझा सिग्नल खूपच फिका आला, पण साखर न दिलेली नळी काळी होती आणि ग्लायकोसिलट्रान्सफरेज (साखर साखळीत जोडणारं एन्झाइम) काढून टाकलेला म्यूटंटही काळा.