जोडीदार युरोपीय, पासपोर्ट भारतीय: व्हिसाशिवाय युरोपात कसं फिरावं

नवरा पोर्तुगीज पासपोर्टवर, बायको भारतीय पासपोर्टवर आणि बिऱ्हाड आयर्लंडमध्ये, डब्लिनला. गोव्यातल्या अनेक कुटुंबांचं आज असंच आहे. १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व घेता येतं; लग्न करून आलेल्या माणसाला ते आपोआप मिळत नाही. मग सुट्टीत पॅरिसला जायचं तर बायकोला शेंगेन व्हिसा (आपसातली सीमातपासणी काढून टाकलेल्या युरोपीय देशांचा सामाईक व्हिसा) लागतो का? योग्य कार्ड, म्हणजे युरोपीय नागरिकाच्या कुटुंबीयाचं निवासकार्ड, असेल तर नाही. नुसत्या लग्नावर ही सूट मिळत नाही.

आधी नियम लागू होतो का ते पाहा. युरोपीय संघाचा २००४/३८ क्रमांकाचा निर्देश पती-पत्नी, २१ वर्षांखालची मुलं आणि अवलंबून असलेले आईवडील यांना कुटुंबात धरतो. अट अशी, की युरोपीय नागरिक स्वतःचा देश सोडून संघातल्या दुसऱ्या देशात जात किंवा राहत असावा. पोर्तुगीज माणूस आयर्लंडमध्ये असेल तर हा नियम लागू होतो. तोच लिस्बनमध्ये राहत असेल तर पोर्तुगालचा स्वतःचा कायदा बघावा लागतो.

मग कार्ड काढा. आयर्लंडमध्ये त्यासाठी ‘ईयू १’ हा फॉर्म भरतात. निर्देशानुसार सहा महिन्यांत कार्ड मिळायला हवं आणि ते साधारण पाच वर्षं चालतं. विवाह प्रमाणपत्रावर अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून मिळणारा सरकारी शिक्का) हवं असेल तर ते भारतात असतानाच करून घ्या. नंतर गावी कुणाला तरी कचेऱ्यांत पिटाळावं लागतं. कार्ड हातात आलं की त्यावरचा मजकूर वाचा. ते युरोपीय नागरिकाच्या कुटुंबीयाचं निवासकार्ड असायला हवं. नोकरीच्या किंवा शिक्षणाच्या परवानगीवर मिळालेलं आयरिश कार्ड इथे चालत नाही.

जर्मनी, फ्रान्स अशा शेंगेन देशात राहत असाल तर एवढी काळजी नको. तिथल्या कुठल्याही वैध निवासपरवान्यावर बाकीच्या शेंगेन देशांत १८० दिवसांत ९० दिवस फिरता येतं. आयर्लंड युरोपीय संघात असलं तरी शेंगेनमध्ये नाही, म्हणून खास कार्डाची गरज पडते ती आयर्लंडहून शेंगेनमध्ये किंवा उलट जाताना.

प्रवास जोडीदारासोबत करा, किंवा तो असेल तिथे जा. बायको मैत्रिणींबरोबर रोमला निघाली आणि नवरा डब्लिनलाच राहिला, तर ही सूट नाही. तिने नेहमीचा व्हिसा काढावा. सोबत पासपोर्ट, कार्ड आणि विवाह प्रमाणपत्र ठेवा. जोडीदार आधीच पोचला असेल तर त्याच्या पासपोर्टची आणि तिकिटाची प्रत घ्या.

खरी अडचण येते ती चेक-इनच्या खिडकीवर. कागद अपुरे असलेला प्रवासी नेला तर विमान कंपनीला दंड होतो, त्यामुळे तिथला कर्मचारी पटकन ‘व्हिसा कुठे आहे?’ विचारतो. वाद घालू नका. या कार्डावर व्हिसा लागत नाही असं सांगणाऱ्या, निर्देशाच्या कलम ५(२) ची छापील प्रत दाखवा आणि वरिष्ठाला बोलवायला सांगा. कायमस्वरूपी निवासकार्ड असणाऱ्यांनाही ही सूट आहे, असा निकाल युरोपीय न्यायालयाने १८ जून २०२० रोजी दिला. ते प्रकरणही व्हिसा नाही म्हणून एका विमान कंपनीला झालेल्या दंडाचंच होतं. शेंगेन सीमेवर ऑक्टोबर २०२५ पासून बोटांचे ठसे आणि फोटो घेणारी नवी नोंदणी सुरू झाली आहे. तिच्यातूनही असे कार्डधारक वगळलेले आहेत, म्हणून कार्ड आधी पुढे करा.

कार्ड नसेल तर व्हिसा घ्यावा लागेल, पण फुकट. लेस्टर, स्विंडनमधल्या पोर्तुगीज गोवेकरांच्या जोडीदारांचं असंच होतं, कारण ब्रेक्झिटनंतर ब्रिटनचं कार्ड या सवलतीसाठी चालत नाही. मोठ्या माणसाची ९० युरोंची शेंगेन फी माफ असते. अर्जाचा निकाल लवकर द्यायचा असतो. हॉटेल बुकिंग, बँकेचं स्टेटमेंट, प्रवास विमा हे मागायचं नसतं. नातं, जोडीदाराचं नागरिकत्व आणि एकत्र प्रवास एवढं दाखवलं की पुरे. अर्ज थेट वकिलातीत देण्याचा हक्क आहे. खासगी केंद्रात गेलात तर तिथलं सेवाशुल्क भरावं लागू शकतं. मात्र पोर्तुगीज नवऱ्याबरोबर थेट पोर्तुगालला जाताना या निर्देशाचा हक्क सांगता येत नाही, तिथे पुन्हा पोर्तुगालचा स्वतःचा कायदा.

आणि डब्लिनवाल्यांनो, बेलफास्ट म्हणजे ब्रिटन. रस्त्यात कुणी पासपोर्ट तपासत नसलं तरी भारतीय पासपोर्टवर तिथे जायला ब्रिटनचा वेगळा व्हिसा लागतो. हे कार्ड तिथे उपयोगाचं नाही.